आधी पाण्यात, मग आगीत

पांढरकवड्याच्या आसपास शेतात किंवा मारोतीच्या पारावर रोडग्यांचा स्वयंपाक निघाला की सामान मोजकंच लागतं. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. कणीक घट्ट भिजवायची, तेल लावून थरावर थर देत गोळे वळायचे आणि गोवऱ्यांचा जगरा नीट फुलला की त्यात भाजायला टाकायचे. राख झटकून हातात आलेला रोडगा वरून टणक असतो, बोटाने ठोकला तर वाजतो. फोडला की आत मऊ पापुद्रे निघतात. साधारण तशीच घट्ट कणीक खानदेशात बट्टीसाठी मळतात, पण गोळे आधी उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर शिजवून घेतात आणि मग कापून तळतात. तळण्याआधीची बट्टी हातात घेऊन पाहा. रोडग्याचं कवच तिला नसतंच. तिचा वरचा थर गुळगुळीत, किंचित चकाकणारा असतो. बोटाने दाबला तर खाली जातो आणि परत वर येतो.

गहू एकच, मग आगीत त्याला कवच का येतं आणि पाण्यात साल का येते?

माळव्यात तर या दोन्ही रीती एकत्र आल्या आहेत. तिथला बाफला आधी पाण्यात उकडतात, निथळवतात, मग गोवऱ्यांवर भाजतात आणि तुपात बुडवून वरणाबरोबर खातात. कणकेच्या जागी खमीर घातलेला मैदा आणि गोळ्याच्या जागी तळहाताएवढं कडं घेतलं, तर हीच रीत पोलंडमधल्या ज्यू वस्त्यांत निदान चारशे वर्षांपासून चालत आलेली आहे. त्या पावाचं नाव बेगल. आज न्यूयॉर्क आणि माँट्रियल या दोन शहरांची ओळख त्याच्याशी जोडलेली आहे. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या तोंडूनही सकाळच्या न्याहारीचं नाव म्हणून हा शब्द ऐकू येतो.

बेगलविषयी बोलताना बहुतेकजण त्याच्या भोकाविषयी बोलतात. भोकाला कारण आहे आणि ते पुढे येईलच. पण बेगलचं खरं मर्म त्याने उकळत्या पाण्यात काढलेल्या एक-दोन मिनिटांत आहे. ती मिनिटं काढून घेतली तर उरतो तो मधे भोक असलेला साधा पाव.

पाणी नेमकं काय करतं?

मैद्याचा सुमारे ७० टक्के भाग पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. हे पिष्ट अतिशय बारीक कणांच्या रूपात असतं आणि प्रत्येक कणात ते घट्ट दाबून बसवलेलं असतं. थंड पाण्यात हे कण फारसे बदलत नाहीत. थोडं पाणी घेतात आणि तळाशी बसतात. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्यांची घट्ट वीण सैल होते, कण भराभर पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळतात. शास्त्रात याला पिष्टाचं जिलेटिनीकरण म्हणतात.

सुती साडीला खळ देणाऱ्या घरात हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. मैदा किंवा साबुदाण्याचं पीठ थंड पाण्यात कालवलं की ते दुधासारखं पांढरं दिसतं आणि ढवळणं थांबवलं की पीठ खाली बसतं. तेच आचेवर ठेवून हलवत राहिलं की एका क्षणी पांढरेपणा जातो, पाणी दाटतं, अर्धपारदर्शक होतं. ही खळ कापडावर वाळली की कापड कडक होतं आणि इस्त्री फिरवली की चकाकतं. बेगल उकळत्या पाण्यात पडतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरच्या पिठाची जागच्या जागी खळ होते. पुढे भट्टीत ती वाळते. बेगलची चकाकी, त्याची पातळ पण चिवट साल, दात लावल्यावर आधी होणारा तो किंचित विरोध, हे सगळं त्या खळीचं काम आहे.

रोडग्यात असं का होत नाही? कारण पिष्टाला फुगायला उष्णता आणि पाणी ही दोन्ही एकाच वेळी, भरपूर मिळावी लागतात. घट्ट कणकेत पाणी आधीच बेताचं असतं. निखाऱ्यात पडताच वरच्या थरातलं तेवढंही पाणी उडून जातं, म्हणून तिथलं पिष्ट अर्धवट फुगूनच सुकतं आणि टणक, निस्तेज कवच तयार होतं. आतलं पाणी मात्र कवचामुळे अडकतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ गाभा शिजवते. बट्टीच्या आणि बेगलच्या पृष्ठभागाला पाण्याची ददात नसते. वरचा थर हवं तेवढं पाणी पितो.

पाण्याचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडतो. २३० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात नेऊन बाहेर काढता येतो, १०० अंशांच्या पाण्यात तसं करता येत नाही. हवेच्या मानाने पाणी उष्णता फार झपाट्याने पोहोचवतं. म्हणून बेगलला प्रत्येक बाजूने अर्धं ते एक मिनिट पुरतं. तेवढ्या वेळात वरचा पातळ थर शिजून घट्ट होतो आणि आतला गोळा जवळजवळ कच्चाच राहतो. जास्त वेळ ठेवला तर साल जाड होते, कमी ठेवला तर ती नावापुरती येते. कारागिराचं कौशल्य या अर्ध्या मिनिटाच्या अंदाजात असतं.

सालीने अडवलेला पाव

रोडग्यात आणि बेगलमध्ये एक मोठा फरक आहे, तो खमिराचा. खमीर म्हणजे यीस्ट, एकपेशीय जीव. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. मळलेल्या पिठात प्रथिनांची एक ताणली जाणारी जाळी तयार झालेली असते, तिला ग्लुटेन म्हणतात. ही जाळी वायूला धरून ठेवते, म्हणून पीठ फुगतं.

साधा पाव भट्टीत गेला की पहिली काही मिनिटं तो झपाट्याने वाढतो. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते, खमीरही मरण्यापूर्वी जोरात काम करतं आणि वरचा पृष्ठभाग अजून मऊ असल्यामुळे पावाला मोकळी वाट मिळते. लादीपावाची ती हलकी, जाळीदार पोकळी या मिनिटांत तयार होते. बेगलला ही वाट मिळत नाही. त्याची साल पाण्यातच घट्ट झालेली असते आणि सालीलगतचं खमीर ५५ ते ६० अंशांच्या पुढे जाऊन संपलेलं असतं. आतला वायू वाढू पाहतो, साल त्याला आवरून धरते. म्हणून बेगलचा गाभा दाट राहतो. लादीपाव चहात बुडवला की विरघळतो, बेगल चावून खावा लागतो. चावण्याचं हे समाधान ज्याला आवडतं त्याला मग मऊ पाव पोकळ वाटू लागतो.

हा दाटपणा पिठापासूनच ठरवलेला असतो. बेगलचं पीठ पावाच्या मानाने फार घट्ट असतं. १०० भाग मैद्याला साधारण ५० ते ५७ भाग पाणी. मैदाही जास्त प्रथिनांचा लागतो, १३-१४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ग्लुटेनची जाळी भक्कम होते. असं पीठ मळायला दंडात जोर हवा.

वळलेली कडी लगेच उकळत नाहीत, रात्रभर थंड जागी ठेवतात. थंडीत खमीर मंदावतं, पण पूर्ण थांबत नाही. त्या संथ तासांत पिठात आम्लं आणि वासाची द्रव्यं तयार होत राहतात, आणि ती घाईने फुगवलेल्या पिठात येत नाहीत. सकाळी अशा बेगलच्या सालीवर भाजताना बारीक फोड उठतात. रात्र थंडाव्यात काढल्याची ती खूण समजली जाते.

रंगाचं गणित वेगळं. उकळीच्या पाण्यात न्यूयॉर्कचे बेकर सातूच्या माल्टचा पाक घालतात. माल्ट म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून केलेलं पीठ. मोड येताना पिष्टाची साखर होते. नाचणी मोडवून सत्त्व करणाऱ्या घराला ही प्रक्रिया ओळखीची आहे. ही साखर सालीला चिकटते आणि भट्टीत पिठातल्या प्रथिनांबरोबर तिची क्रिया होऊन तपकिरी रंग आणि भाजल्याचा खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, रव्याचा बदामी रंग, सगळीकडे तीच क्रिया आहे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर ती वेग घेते, कारण अल्कधर्मी पृष्ठभागावर ती सोपी होते.

भोक कशासाठी?

गोळा शिजताना उष्णता बाहेरून आत जाते आणि केंद्रबिंदूला सगळ्यांत उशिरा पोहोचते. जाडी दुप्पट केली तर उष्णता मधे पोहोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. रोडग्याला म्हणूनच मंद निखारा लागतो आणि वेळ द्यावा लागतो, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. बट्टीवाले हा प्रश्न सुरीने सोडवतात, उकडल्यावर कापून मग तळतात. बेगलच्या कारागिरांनी तो आकाराने सोडवला. मधला भागच काढून टाकला की सर्वांत शेवटी शिजणारी जागाच उरत नाही, आणि पाणी-आग दोन्हींना आतल्या बाजूनेही शिरकाव मिळतो.

भोकाचा व्यापारी उपयोगही होता. पूर्व युरोपातले फेरीवाले बेगल सुतळीत ओवून किंवा काठीवर चढवून विकायला फिरत.

कड्याच्या आकाराचा पाव आपल्याकडेही आहे. गोव्यात पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत जी कांकणां आणतो, ती गोल, कडक, चहात बुडवून खायची. पण कांकणां उकळत नाहीत. भट्टीत ती पार वाळेपर्यंत ठेवतात, म्हणून ती कुरकुरीत होतात आणि दिवसेंदिवस टिकतात. इस्तंबूलचा सिमित हाही कडंच. तो द्राक्षाच्या काकवीच्या पाण्यात बुडवून तिळात घोळवतात. दक्षिण इटलीतली ताराल्ली मात्र बेगलप्रमाणे आधी पाण्यात जातात, मग भट्टीत.

क्राकोव्हची बाळंतीण

बेगलच्या जन्माची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १६८३ मध्ये तुर्की फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पोलंडचा राजा यान सोबिएस्की घोडदळ घेऊन धावून गेला आणि वेढा उठवला. तेव्हा व्हिएन्नातल्या एका बेकरने राजाच्या सन्मानार्थ रिकिबीच्या आकाराचा पाव केला, तोच बेगल. गोष्ट ऐकायला छान आहे, पण कालगणनेत बसत नाही. क्राकोव्ह शहरातल्या ज्यू पंचायतीच्या १६१० च्या नियमांत बेगलचा उल्लेख आहे, म्हणजे वेढ्याच्या ७३ वर्षं आधी.

तो उल्लेख वाचताना मराठी वाचकाला आपलेपणा वाटेल, कारण तो बाळंतपणाशी जोडलेला आहे. बाळंतिणीला देण्याच्या भेटींत बेगलचं नाव येतं. आपल्याकडे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू पोहोचवतात, तिथे हे कडं पोहोचवलं जाई. पांढऱ्या गव्हाचं पीठ तेव्हा महाग होतं. रोजचा पाव राय नावाच्या काळपट धान्याचा असे. पांढरा गहू, गोल आकार, टिकाऊ आणि पचायला बरा, असा हा पदार्थ खास प्रसंगाचा होता.

क्राकोव्हमध्ये त्याआधीही उकळून भाजलेलं कडं होतं. ओब्वाझानेक हे त्याचं नाव. दोन पेड पिळून केलेलं ते कडं आजही त्या शहराच्या चौकाचौकांत गाड्यांवर विकलं जातं. पोलंडची राणी यादविगा हिच्या दरबारच्या १३९४ च्या हिशेबात त्याची नोंद आहे. १४९६ मध्ये राजा यान ओल्ब्राख्त याने पांढरा पाव भाजण्याचा हक्क शहरातल्या बेकरांच्या संघाला देऊन टाकला, त्यात ओब्वाझानेकही आलं. २०१० पासून युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं आहे, जसं आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. ओब्वाझानेक आणि बेगल एकाच शहरात, एकाच रीतीने वाढले. दोघांचं नातं सख्खं आहे, हे दोन्ही खाऊन पाहिलं की पटतं.

ज्यू म्हटल्यावर आपल्याला कोकणातले बेने इस्रायल आठवतात. अलिबाग, पेण, रोहा या भागांत तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे मराठी ज्यू. त्यांच्या घरात बेगल परंपरेने नव्हता. बेगल पूर्व युरोपातल्या यिडिश बोलणाऱ्या ज्यूंचा आणि मराठी ज्यूंचं ताट कोकणाचं, नारळाच्या दुधाचं. त्यांचा मंगल पदार्थ मलिदा. पोहे, साखर किंवा गूळ, ओलं खोबरं आणि फळं मांडून प्रेषित एलियाहूच्या नावाने तो केला जातो. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. धर्म एक असला तरी स्वयंपाक ज्या मातीत राहिला तिचाच होतो, हे या दोन ताटांवरून स्पष्ट दिसतं.

तळघरातले चौघे

१८८१ ते १९२४ या काळात छळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून पूर्व युरोपातले वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेला गेले. त्यांतले असंख्य न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत उतरले आणि तिथल्या चाळींच्या तळघरांत बेगलच्या भट्ट्या सुरू झाल्या. हवा नाही, उजेड नाही, उन्हाळ्यात भट्टीसमोर उघड्या अंगाने रात्रभर काम. न्यूयॉर्कचा बेगल ज्या हातांनी घडला ते हात या तळघरांतले होते.

पुढे या कामगारांनी आपली युनियन बांधली. बेगल बेकर्स युनियनची शाखा क्रमांक ३३८. सभासद सुमारे ३००. सभांचं कामकाज यिडिशमध्ये चाले. नव्या माणसाला सहज प्रवेश नसे, बहुधा सभासदाचा मुलगा किंवा जवळचा नातेवाईकच घेतला जाई. संख्या लहान ठेवल्यामुळे पगार चांगला राहिला आणि कसबही घरात राहिलं.

चौघांची एक तुकडी असे. दोघे मेजाशी, एक काहिलीशी, एक भट्टीशी. मेजावरचा कारागीर घट्ट पिठाची लांब पट्टी कापायचा, दोन्ही तळव्यांनी तिची वळी करायचा, ती पंजाभोवती गुंडाळायचा, दोन टोकं तळव्याखाली एकमेकांवर आणायचा आणि मेजावर हात पुढे-मागे फिरवून जोड बंद करायचा. उरलेली पट्टी तोडून पुढचं कडं. जोड कच्चा राहिला तर पाण्यात कडं उघडतं, म्हणून त्या एका फिरवण्यावर सगळी भिस्त. काहिलीजवळचा माणूस खळखळत्या पाण्यात कडी सोडायचा, उलटायचा, झाऱ्याने काढायचा. भट्टीवाल्याकडे लांब लाकडी फळ्या असत आणि त्यांवर ओलं गोणपाट ठोकलेलं असे. उकळलेली ओली कडी तो आधी या गोणपाटावर मांडून भट्टीत सरकवायचा. काही मिनिटांनी वरची बाजू सुकली की फळी उलटी करून कडी थेट तापलेल्या दगडावर पाडायचा. कडी थेट दगडावर ठेवली असती तर ओली खळ चिकटून बसली असती, आणि पत्र्यावर ठेवली असती तर खालची बाजू चपटी झाली असती. ओल्या गोणपाटाने दोन्ही टाळलं. कापसाच्या पट्ट्यात गोणपाट ही रोजची वस्तू आहे, आणि जगप्रसिद्ध पावाच्या घडणीत तिला अशी मानाची जागा मिळालेली पाहून बरं वाटतं.

डिसेंबर १९५१ मध्ये या कामगारांचा आणि मालकांचा वाद पेटला. शहरातल्या ३४ पैकी ३२ बेगल बेकऱ्या बंद पडल्या आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी बेगलच्या दुष्काळाच्या बातम्या छापल्या. बेगलबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या खारवलेल्या साल्मन माशाचा खपही घसरला. फेब्रुवारी १९५२ मध्ये तोडगा निघाला.

यंत्र आलं, काहिली गेली

युनियनला संपाने हरवलं नाही, यंत्राने हरवलं. डॅनियल थॉम्पसन या कॅलिफोर्नियातल्या माणसाने कडी वळणारं यंत्र बनवलं. त्याचे वडील बेकर होते आणि त्यांनीही असं यंत्र बनवण्याचे प्रयत्न केले होते. १९६३ मध्ये कनेटिकट राज्यातल्या लेंडर कुटुंबाने हे यंत्र भाड्याने घेतलं. हॅरी लेंडर पोलंडमधल्या लुब्लिनहून आलेले, १९२७ मध्ये त्यांनी न्यू हेवनला बेकरी काढली होती. त्यांच्या मुलांनी बेगल गोठवून, पिशव्यांत भरून देशभर दुकानांत पोहोचवला. ज्यांनी कधी ज्यू वस्ती पाहिली नव्हती त्यांच्या टोस्टरमध्ये बेगल आला. १९८४ मध्ये क्राफ्ट या मोठ्या खाद्यकंपनीने लेंडर्स विकत घेतली. हाताने वळणाऱ्यांची युनियन तोवर इतिहासजमा झाली होती.

प्रसार झाला हे चांगलंच झालं. पण यंत्रातून सहज सरकायला पीठ मऊ लागतं, म्हणून पीठ सैल झालं. मग काहिलीचा खर्च आणि माणूस वाचवायला कित्येक कारखान्यांनी उकळणंच सोडलं आणि भट्टीत वाफ सोडायला सुरुवात केली. वाफेने पृष्ठभाग ओला होतो, थोडी चकाकी येते, पण पाण्यात बुडल्यावर पिष्ट जेवढं पाणी पितं तेवढं वाफेत मिळत नाही. साल पातळ होते, पाव भट्टीत मोकळा फुगतो, मधलं भोक आवळून बेंबीएवढं होतं. माझ्या मते हा बेगल म्हणावा असा पदार्थ नव्हे. दुकानात बेगल हातात आला तर खालची बाजू पाहावी. तळ चपटा, फिका आणि जाळीच्या खुणांचा असेल तर तो बहुधा वाफेतला. गोलाई खालीही असेल आणि साल ताणलेली, चकाकणारी असेल तर त्याने पाणी पाहिलेलं आहे.

माँट्रियलने मात्र काहिली सोडली नाही. फेअरमाउंट बेगल ही तिथली बेकरी १९१९ पासूनच्या परंपरेची आणि सेंट विएटर १९५७ ची. दोन्ही ठिकाणी कडी हाताने वळतात, मध घातलेल्या पाण्यात उकळतात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. तिथला बेगल न्यूयॉर्कपेक्षा बारीक, गोडसर, मोठ्या भोकाचा आणि तिळाने माखलेला असतो. माँट्रियलमध्ये जन्मलेले अंतराळवीर ग्रेगरी शामिटॉफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी १८ तिळाचे बेगल बरोबर नेले होते. अंतराळात कण उडतात, यंत्रांत शिरतात, म्हणून तिथे पाव सहसा नेत नाहीत. बेगलचा भुगा कमी पडतो, तीळ मात्र सांभाळावे लागले असणार.

चौकट: पांढरकवड्यातल्या स्वयंपाकघरात

अर्धा किलो मैदा, सुमारे २८० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट आणि चमचाभर किसलेला गूळ घेऊन पीठ घट्ट मळावं. बारा-पंधरा मिनिटं नेटाने मळायचं, कारण आपल्या मैद्यात प्रथिनं कमी असतात आणि ती कसर मळण्यानेच काही प्रमाणात भरून निघते. चक्कीची कणीक घालायची तर पाव भागापर्यंत घालावी. कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी कापतात. इथल्या मे महिन्यात पीठ फार लवकर फुगतं, म्हणून पाणी माठातलं घ्यावं. आठ गोळे करून, वळी करून, पंजाभोवती जोडून कडी करावी आणि तेल लावलेल्या ताटात झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी एक कडं गार पाण्याच्या वाटीत टाकून पाहावं. तरंगलं तर आत पुरेसा वायू आहे, बुडलं तर अजून तासभर बाहेर ठेवावं. पसरट पातेल्यात पाणी उकळून त्यात दोन चमचे काकवी किंवा गूळ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालावा, सोडा घालताना पाणी उसळतं हे लक्षात ठेवावं. प्रत्येक बाजू पाऊण मिनिट. काढल्याबरोबर, साल चिकट असतानाच तीळ, खसखस किंवा भाजलेलं जवस वरून दाबावं. २२० अंशांवर वीस-बावीस मिनिटं भाजावं. ओव्हन नसेल तर तळाला मीठ पसरलेल्या जाड कढईत, स्टँडवर ताटली ठेवून, झाकण घालूनही होतं. वेळ जास्त लागतो आणि रंग थोडा फिका येतो.

खायचा कसा, ठेवायचा कसा

जुन्या रीतीच्या बेगलमध्ये अंडं, दूध, लोणी काही नसतं. मैदा, पाणी, मीठ, खमीर आणि थोडा गोडवा, बस. अंडं घातलेला प्रकार वेगळा असतो आणि तो पिवळसर दिसतो. त्यामुळे परदेशातल्या कित्येक शाकाहारी मराठी घरांना सकाळी हा पाव सोयीचा वाटतो. न्यूयॉर्कची ठरलेली जोडी म्हणजे आडवा कापलेला बेगल, वर क्रीम चीजचा जाड थर, खारवलेला साल्मन, कांद्याची चकती. क्रीम चीज हा मूळ अमेरिकी पदार्थ, १८७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम लॉरेन्स यांनी तो बनवायला सुरुवात केली असं मानलं जातं. या जोडीचं शहाणपण साधं आहे. दाट, चिवट, किंचित गोड पावाला आंबट-स्निग्ध आणि खारट असं काहीतरी हवं असतं.

ते आपल्याकडे आहेच. दही फडक्यात टांगून केलेला चक्का, त्यात मीठ, आणि वर जवसाची चटणी. जवसाचा खमंगपणा तीळ लावलेल्या सालीशी इतका जुळतो की साल्मनची आठवण येत नाही. लोणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हीसुद्धा भक्कम जोडी. वांग्याची भाजी मात्र रोडग्याचीच. रोडग्याचा कुस्करा रस पितो, बेगलची साल रस आत येऊ देत नाही आणि भाजी बाजूला राहते.

ताजा बेगल टोस्ट करू नये. भट्टीतून निघून अर्धा तास झाला की तसाच खावा. टोस्टरची गरज दुसऱ्या दिवशी पडते, आणि तिचं कारण पुन्हा पिष्टातच आहे. फुगलेलं पिष्ट थंड होत जाताना हळूहळू परत घट्ट रचना धरू लागतं आणि त्या रचनेतून पाणी बाहेर पडतं. त्यालाच आपण पाव शिळा झाला म्हणतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेली पोळी सकाळी वाळलेली, वातड लागते ती याचमुळे. पाव पुन्हा ६० अंशांच्या वर तापला की रचना सैल होते आणि मऊपणा परत येतो, पण काही वेळापुरताच. म्हणून उरलेले बेगल फ्रिजमध्ये ठेवू नयेत. त्याच दिवशी आडवे कापून, पिशवीत घट्ट बंद करून थेट फ्रीझरमध्ये टाकावेत. तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते. खायच्या वेळी बर्फाळ तुकडाच तव्यावर ठेवावा, कापलेली बाजू खाली, आच मध्यम, वर झाकण. पाच-सात मिनिटांत कापलेली बाजू बदामी होते आणि सालीला पुन्हा ताण येतो. चक्का त्यावर गरम असतानाच लावावा.